हिमसागरावरील जहाजे आणि कुलाब्याची वेधशाळा

ध्रुवप्रदेशांच्या शोधाची हकीकत आपल्याकडे बहुधा शाळकरी वयात वाचली जाते, आणि त्या वयात मनावर उमटणारा ठसा साहजिकच पराक्रमाचा असतो: हिमवादळे, उपासमार, गोठून काळी पडलेली बोटे, स्कॉट आणि अमुंडसेन यांची दक्षिण ध्रुवाकडील चढाओढ आणि तिचा करुण शेवट. ज्या जहाजांनी ही माणसे त्या मुलखात नेली, त्या जहाजांवर घड्याळाच्या ठोक्याबरहुकूम, रात्री-अपरात्री, वर्षानुवर्षे जे नोंदीचे काम चालले, त्याला या हकीकतीत तळटीपेपुरतीच जागा मिळते. काम नीरस होते हे कबूल. परंतु ध्रुवाकडून माणसाने कायमचे असे जे काही आणले ते बहुतांशी याच कामातून आणले, आणि त्या कामाचे एक टोक आपल्या मुंबईत होते. बोरिवली-अंधेरीहून चर्चगेटला आणि मुलुंड-घाटकोपरहून बोरीबंदरला रोज जाऊन येणाऱ्या उपनगरवासीयाला कुलाबा हे नाव परके नाही. पण गाडीचे रूळ जिथे संपतात तिथून पुढे, बेटाच्या दक्षिण टोकाला, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधलेली वेधशाळा अंटार्क्टिकाच्या पहिल्या मोठ्या शास्त्रीय सफरीशी एकाच योजनेने बांधलेली होती, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

योजना उभी राहण्याचे कारण होकायंत्र. त्याची सुई खऱ्या उत्तरेकडे न पाहता थोडी बाजूला कलते; हा कल ठिकाणागणिक निराळा असतो, आणि एकाच ठिकाणीसुद्धा तो वर्षागणिक, ऋतूगणिक, फार काय दिवसाच्या प्रहरागणिक बदलत राहतो. ज्या राष्ट्रांचा सारा व्यापार आणि सारी सत्ता समुद्रावर तरंगत होती, त्यांना ही बाब केवळ कुतूहलाची राहणे शक्य नव्हते. जर्मनीतील गोटिंगेन येथील थोर गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस याने पृथ्वीच्या चुंबकत्वाचा सिद्धान्त मांडला खरा, पण तो पारखून घेण्यास दक्षिण गोलार्धाच्या तळाकडील जे आकडे हवे होते ते कोणापाशीच नव्हते. एडवर्ड सॅबाइन हा लष्करी अधिकारी आणि जॉन हर्शेल हा खगोलवेत्ता यांनी ब्रिटिश सरकारचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे १८३९ साली मंजुरी मिळाली. जेम्स क्लार्क रॉस याने ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन दक्षिण हिमसागरात उतरावे, आणि त्याच मुदतीत टोरांटो, सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप व टास्मानिया येथे स्थिर वेधशाळा उभ्या कराव्यात, असे ठरले. कंपनी सरकारनेही आपला वाटा उचलला. तिच्या अमलातील मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी मुक्रर झाली.

फिरत्या जहाजाची आणि स्थिर वेधशाळांची ही सांगड कशासाठी, हे समजले म्हणजे पुढचा सगळा इतिहास समजतो. जहाजावरील सुई कालच्यापेक्षा आज निराळा कल दाखवू लागली, तर त्याची कारणे दोन असू शकतात: जहाज दुसऱ्या जागी आले म्हणून, किंवा मधल्या वेळात पृथ्वीचे चुंबकत्वच थोडे हलले म्हणून. जहाजावर बसलेल्या निरीक्षकाला ही दोन कारणे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. नेमक्या त्याच क्षणी हजारो कोस दूर, जागचा न हलणारा दुसरा कोणी निरीक्षक आपल्या सुईचा कल लिहून ठेवत असेल, तरच वजाबाकी करता येते. ध्रुवाकडची नोंद एकटी मुकी असते. तिला अर्थ येतो तो दुसऱ्या नोंदीशेजारी ठेवल्यावर.

कुलाब्यास चुंबकीय आणि हवामानविषयक वेध १८४१ मध्ये सुरू झाले. देखरेख एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांची, आणि त्यांच्या हाताखाली तैनात झालेल्या मंडळींत विशी न गाठलेला एक मराठी तरुण होता: अलिबागनजीकच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे. पटवर्धनी पंचांगाचे प्रवर्तक, डेक्कन कॉलेजातील गणिताचे अध्यापक आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून केरूनानांची जी कीर्ती आहे ती उत्तरायुष्यातली. त्यांच्या उमेदवारीची सुमारे दहा वर्षे कुलाब्याच्या या वेधशाळेत गेली. आपल्याकडील चरित्रकार या दहा वर्षांवरून एका वाक्यात पुढे सरकतात. मला हा अन्याय वाटतो. पंचांगातील गणित आकाशाशी ताडून पाहण्याचा जो आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला, त्याचे बीज मला या नोकरीतच दिसते.

ती नोकरी कशी होती याचा तपशील थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. चुंबकाची एक कांडी न पिळलेल्या रेशमी तंतूंच्या झुबक्याने अधांतरी टांगलेली असे, आणि वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून तिच्याभोवती पेटी असे. कांडीला लहानसा आरसा जडवलेला. समोर काही हातांवर पक्क्या चौथऱ्यावर दुर्बीण, आणि दुर्बिणीलगत बारीक रेघांची मोजपट्टी. कांडी केसभर वळली तरी आरशात दिसणारी पट्टीची रेघ दुर्बिणीत स्पष्ट सरकलेली दिसे. निरीक्षकाने चाकू, किल्ल्या, लोखंडाचे जे काही अंगावर असेल ते बाहेर ठेवून आत यावे, दुर्बिणीला डोळा लावावा, ठोका पडताच रेघ वाचावी आणि आकडा वहीत चढवावा. महिन्यातून एक दिवस सर्व जगासाठी आगाऊ ठरलेला असे. त्या दिवशी सहभागी ठाण्यांनी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, म्हणजे एकंदर दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा सुई वाचावयाची, आणि ती आपापल्या घड्याळाप्रमाणे नव्हे तर गोटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, असा शिरस्ता होता. मुंबईचा स्थानिक काळ गोटिंगेनच्या चार तासांहून थोडा अधिक पुढे; तेव्हा तिकडे रात्रीची जेवणे उरकत असतील त्या घटकेला मुंबईतील निरीक्षकाने मध्यरात्र उलटून गेल्यावर डोळे ताणून बसावयाचे.

जहाजावर हेच काम करणे म्हणजे दुप्पट कसरत. डोलणाऱ्या डेकवर रेशमी धाग्याने टांगलेली कांडी निरुपयोगी. म्हणून रॉसने रॉबर्ट वेअर फॉक्स याने खास समुद्रासाठी तयार केलेले नमनमापक यंत्र वापरले, ज्यात सुईचे खालच्या बाजूस झुकणे आणि चुंबकत्वाचा जोर ही दोन्ही मोजता येत. शिवाय जहाजाच्या स्वतःच्या लोखंडाचा सुईवर किती परिणाम होतो हे काढण्यासाठी सगळे जहाज होकायंत्राच्या एकेका दिशेला वळवून दर वेळी नोंद घ्यावी लागे. किनारा मिळाला की मात्र रॉस ताबडतोब तात्पुरती वेधशाळा उभारी. १८४० च्या मे महिन्यात दक्षिण हिंदी महासागरातील केर्गेलेन या निर्जन, वादळी बेटावर त्याचा मुक्काम असताना ठरल्या दिवशी त्याच्या सुया अकस्मात अस्वस्थ झाल्या. आणि पुढे वह्या एकत्र आल्या तेव्हा आढळले की त्याच वेळी पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला, टोरांटो येथेही सुया तशाच थरथरल्या होत्या. चुंबकीय वादळ हे एखाद्या गावच्या पावसासारखे स्थानिक नसून अखिल पृथ्वीला एकाच वेळी ग्रासणारे असते, ही गोष्ट अशा वह्या शेजारी ठेवूनच हाती आली.

रॉसला दक्षिण चुंबकीय ध्रुव गाठता आला नाही. उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव त्याने स्वतः १८३१ साली शोधला होता आणि दुसराही आपल्याच हातून सापडावा ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. पण मध्ये पर्वतांनी भरलेली भूमी आडवी आली, आणि सुयांच्या नमनावरून ध्रुवाची जागा गणिताने सांगण्यावर त्याला समाधान मानावे लागले. ‘एरेबस’वर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून जोसेफ हूकर नावाचा तरुण होता; दक्षिणेकडच्या बेटांवरची शेवाळी आणि वनस्पती गोळा करणारा हाच मनुष्य पुढे हिमालयात आला, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ त्याच्या नावावर जमा झाला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याने स्वतःला तेरड्याच्या कुळाला वाहून घेतले होते. श्रावणात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तेरड्याचे ताटवे पाहावयास जाणाऱ्यांपैकी कोणाला त्यांच्या शास्त्रीय नावांच्या मागे दक्षिण हिमसागरात मुरलेला हा म्हातारा दिसत असेल असे वाटत नाही; पण तो आहे.

रॉसची जहाजे १८४३ मध्ये मायदेशी परतली, दूरदूरची कित्येक ठाणी पुढे खर्चाच्या नावाखाली बंद झाली; कुलाब्याचे काम मात्र चालू राहिले, आणि १८४६ पासून नोंदी सलग मिळू लागल्या. सातत्याचे मोल कसे फळते पाहा: २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील स्फोटापाठोपाठ जे महावादळ आले, त्याचे कुलाब्याच्या वहीतील आकडे २००३ साली भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांनी पुन्हा तपासले, आणि त्या वादळाची तीव्रता अजमावण्याचा एक प्रमुख आधार म्हणून ते आज जगभर वापरले जातात.

शतकाच्या अखेरीस जहाजे बदलली. नॉर्वेच्या नान्सेनने ‘फ्राम’ हे वाटोळ्या पोटाचे जहाज १८९३ मध्ये जाणूनबुजून उत्तरेच्या बर्फात गोठू दिले आणि तीन वर्षे बर्फाबरोबर वाहत राहून समुद्राची खोली, तापमान, क्षारता मोजली. उथळ समजला जाणारा तो समुद्र तीन हजार मीटरांहून खोल निघाला. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे वळून वाहतो, ही त्याची नोंद. तिच्यावरून एकमन याने सागरी प्रवाहांचे जे गणित बांधले ते आजही समुद्रविज्ञानाच्या पहिल्या पाठांत शिकवतात.

मुंबईचा संबंध पुन्हा येतो तो १९०१ साली, ‘डिस्कव्हरी’ या जहाजाबरोबर. स्कॉटच्या पहिल्या मोहिमेसाठी स्कॉटलंडमधील डंडी येथे बांधलेले हे जहाज लाकडी होते, आणि त्याच्या मध्यभागी चुंबकीय वेधांची खास खोली होती; तिच्यापासून तीस फुटांच्या आत लोखंड किंवा पोलाद येता कामा नये, असा बांधणीचा दंडक होता. १९०२ मध्ये जहाज मॅकमर्डोच्या आखातात गोठले आणि दोन हिवाळे तिथेच अडकून पडले, तेव्हा लुई बर्नाकी या पदार्थवैज्ञानिकाने किनाऱ्यावरील झोपडीत स्वयंलेखी यंत्रे मांडली. आता दुर्बिणीला डोळा लावण्याची गरज उरली नव्हती. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या नळकांड्यावरील छायाचित्री कागदावर आपली रेघ आपणच ओढी. परंतु ठरल्या दिवसांची पद्धत कायम होती: महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ब्रिटिश व जर्मन मोहिमांनी आणि जगातील सहकारी वेधशाळांनी एकाच वेळी बारकाईने नोंद घ्यावी. मोहीम परतल्यावर चार्ल्स क्री याने ‘डिस्कव्हरी’च्या रेघा ज्या वेधशाळांच्या रेघांशी ताडून पाहिल्या त्यांत इंग्लंडमधील क्यू, मॉरिशस, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च आणि मुंबईचे कुलाबा ही होती. दक्षिणेत रेघ प्रचंड उसळलेली, आणि त्याच घटकेला कुलाब्यास तिचा लहानसा कंप, असा तो पुरावा. त्याच सुमारास उत्तर ध्रुवाकडे अरुणप्रभेचा अभ्यास करणाऱ्या बर्कलंड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानेही मुंबईच्या नोंदी मागवून घेतल्या होत्या.

या वेळी कुलाब्याचा कारभार नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्याकडे होता. वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. आणि नेमका त्यांच्याच कारकिर्दीत लोखंडाचा प्रश्न मुंबईच्या दाराशी आला. शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या येणार होत्या. विजेचा प्रवाह जमिनीत झिरपला की नाजूक सुया खोटे बोलू लागतात. जहाजावर लोखंड तीस फूट दूर ठेवता येत होते, शहराला तसे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून वेधशाळेलाच हलवावे लागले. मूस यांनी अलिबागची जागा निवडली, लोखंड वर्जून तिथे इमारत उभी केली, आणि १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालवल्या, जेणेकरून जुन्या मालिकेचा धागा नव्या मालिकेत गाठ न दिसता ओवला जावा. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा सुया खाडीपलीकडे सुखरूप होत्या. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० साली दोन खंडांत निघाले, आणि कागदोपत्री मागे राहिलेले असे सुबक काम सरकारी दफ्तरांत विरळाच.

स्कॉटच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मोहिमेत तर हिंदुस्थान खात्यानिशी सामील झाला. ‘टेरा नोव्हा’ जहाजावरील हवामानतज्ज्ञ जॉर्ज सिम्पसन हा हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्यातील सिमल्याचा अधिकारी. त्याने ध्रुवप्रदेशात लहान लहान फुगे सोडून वरच्या हवेचे तापमान मोजले, आणि उपकरण कुठे पडले ते कळावे म्हणून फुग्याला मैलोगणती लांबीचा रेशमी धागा बांधून त्या धाग्याच्या मागोमाग बर्फावर तो चालत जाई. १९१२ मध्ये खात्याने त्याला परत बोलावले. अंटार्क्टिकाच्या हवामानावरील त्याचा मोठा ग्रंथ १९१९ साली छापला गेला तो लंडनमध्ये नव्हे, कलकत्त्यात. त्याच मोहिमेवर हिंदुस्थानातून सात खेचरेही पाठवली होती: गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला, लाल खान आणि खान साहिब. स्कॉटच्या शोधासाठी निघालेल्या तुकडीबरोबर ती होती, आणि १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू सापडला. मृतांजवळ सुमारे सोळा किलो दगड निघाले. उपाशी, थकलेल्या माणसांनी ते टाकून दिले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हीच पाने स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने अर्धशतकापूर्वी आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतून गोळा केली होती. एकेकाळी नागपूर आणि दक्षिण ध्रुव एकाच भूखंडाचे भाग होते, या निष्कर्षासाठी हे दोन्ही ठसे लागले. यातला कोणताही एकटा पुरला नसता.

‘डिस्कव्हरी’ची गोष्ट इथे संपत नाही. १९२५ मध्ये तेच जहाज देवमाशांच्या शिकारीने खालावणाऱ्या दक्षिण समुद्राचा अभ्यास करण्यास पुन्हा निघाले, आणि त्यावर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून ॲलिस्टर हार्डी होता. जहाजामागे ओढावयाचे एक यंत्र त्याने बनवले: पाण्याच्या ओघाने लहान पंखा फिरतो, पंख्याबरोबर जाळीदार रेशमाची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते, पाण्यातील सूक्ष्म जीव पट्टीवर अडकतात आणि दुसऱ्या पट्टीखाली दबून फॉर्मॅलिनमध्ये जाऊन बसतात, मग किनाऱ्यावर पट्टी उलगडली की शेकडो मैलांच्या समुद्राची वही वाचता येते. हार्डीने पुढे ‘द ओपन सी’ नावाचे पुस्तक लिहिले, ते पुण्यात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या एका मराठी मुलीच्या हाती पडले. ती म्हणजे औंध संस्थानच्या पंत घराण्यातील, मुत्सद्दी आप्पासाहेब पंत यांची कन्या अदिती पंत. हवाई आणि लंडन येथे समुद्रविज्ञान शिकून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या, आणि १९८३ च्या डिसेंबरात हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखालील तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर ‘फिनपोलारिस’ या भाड्याच्या जहाजाने गोव्याहून निघाल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेबरोबर अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. हार्डीने ज्या सूक्ष्म जीवांसाठी रेशमाच्या पट्ट्या ओढल्या, त्याच पाण्यातील वनस्पतीप्लवकांवर अदिती पंतांनी काम केले.

मोहिमांवर जाण्याची संधी सर्वांना मिळत नाही, आणि तिची गरजही नाही. अंधेरी पश्चिमेला चार बंगल्याजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र आहे, वर्सोव्याला मत्स्यविज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. उपनगरांतील शास्त्रशाखेच्या मुलामुलींनी या दारांवरून रोज बसने जाताना आत काय चालते याची चौकशी अवश्य करावी. कुलाब्याच्या वेधशाळेचा वारसा आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिची यंत्रे अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ येथे चालतात, आणि अलिबागची मूस यांनी उभारलेली वेधशाळाही चालू आहे. केरूनानांच्या काळातील कुलाब्याच्या वह्यांपासून धरली तर मुंबई-अलिबागची ही मालिका पावणेदोनशे वर्षांवर गेली असून, इतक्या लांबीची चुंबकीय नोंद जगात मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे.